गोगलगायीच्या फळ्या

माझी ताई गेली एकोणीस वर्षं बोटीत राहते. किनाऱ्यावर घर आणि सुट्टीपुरती बोट, अशातला भाग नाही. स्वयंपाक बोटीत, झोप बोटीत, आजारपण बोटीत, शिवणाचं मशीनही बोटीत. चौतीस फुटांची, एका डोलकाठीची लाकडी बोट आहे. भावोजी सुतार होते. ज्या यार्डात ते बोटी दुरुस्त करायचे तिथे कुणीतरी टाकून दिलेला एक सांगाडा त्यांनी चार वर्षं खपून उभा केला आणि त्याला नाव दिलं गोगलगाय. घर पाठीवर आणि वेग बेताचा, म्हणून. मी त्यांना म्हणालो होतो, गोगलगायीवर मीठ टाकलं की ती मरते, आणि तुम्ही हिला खाऱ्या पाण्यात सोडताय. भावोजी हसले. ताई हसली नाही. माझे विनोद तिला लहानपणापासून आवडत नाहीत.

मी घड्याळजी. गल्लीच्या तोंडाशी माझं दुकान आहे, पाय लांब केले तर बाहेर येतील एवढं. समुद्राशी माझा संबंध इतकाच की मला बोट लागते, अगदी नांगरून ठेवलेलीसुद्धा. मी त्रेसष्ट वर्षांचा आहे, माझे गुडघे दुखतात, घरात दोन जावई आले आहेत, तरी ताईच्या लेखी मी अजून बारक्याच. ती अडुसष्टची आहे आणि डोलकाठीवर चढते.

वर्षातले आठ महिने ती बेटाबेटांतून फिरते. भावोजी होते तेव्हा दोघं फिरायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून एकटी. लोकांना वाटतं, काय मजा आहे बाईची. निळं पाणी, पांढरी वाळू, माडाची झाडं. मी एकदा आठ दिवस तिच्याबरोबर राहिलो आहे, त्यामुळे मला कुणी ही मजा सांगू नये. निळं पाणी असतं, नाही असं नाही. पण ते बघायला सवड कुणाला? सकाळी उठल्या उठल्या ताई तळाचं झाकण उघडून आत रात्रीतून किती पाणी झिरपलं ते बघते आणि पंपाने उपसते. मग नांगराचा दोर कुठे घासला का ते बघायचं. मग दोऱ्या, कप्प्या, बिजागऱ्या. मिठाने पितळ हिरवं पडतं, लोखंड तर बोलायलाच नको. उन्हाने शिडाची शिवण कुजते, म्हणून दुपारी मशीन काढून शिवण घालायची. गोडं पाणी टाकीत मोजकंच असतं; भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि शेवटी वाटीभर गोड्या पाण्याने विसळायची. मी पहिल्या दिवशी तोंड धुताना नळ सुरू ठेवला, तर तिने मागून हात घालून बंद केला आणि मला दोन घोट पाणी असलेला पेला दिला. म्हणाली, "एवढ्यात भावोजी तुझे दाढी करायचे."

"भावोजींना दाढी होती ताई," मी म्हणालो.

"म्हणूनच ठेवली."

बेटावर पोचली की शेजारच्या बोटींवरचे लोक तिच्याकडे फाटकी शिडं घेऊन येतात. ती शिवून देते, आणि कुणी अंडी देतं, कुणी केळ्यांचा घड, कुणी तिच्या टाकीत पाणी भरून देतं. संध्याकाळी ती सुकाणूपाशी पाय लांब करून बसते आणि तासभर काही म्हणजे काहीच करत नाही. तिला असं बसलेलं मी जमिनीवर कधी बघितलं नव्हतं. आठ दिवसांत माझं पोट एकदाही जागेवर नव्हतं, पण तो तासभर मला आवडायचा, हे मी तिला सांगितलेलं नाही.

आतल्या भिंतीवर मी दिलेलं घड्याळ आहे. खारी हवा त्याला दरवर्षी खाते आणि मी दरवर्षी ते उघडून साफ करतो. त्या निमित्ताने आमची भेट होते, असं मला वाटायचं. उरलेले चार महिने वादळाचे. तेव्हा गोगलगाय यार्डात येते. क्रेनने पट्ट्यांत उचलून तिला जमिनीवर ठेवतात, दोन्ही बाजूंनी टेकू लावतात, आणि ताई शिडी लावून वर राहायला जाते. घर तेच, फक्त हलत नाही. मोसम संपत आला की ती मला बोलावते आणि मी आठवडाभर दुकान बंद ठेवून जातो. बायको म्हणते, स्वतःच्या घराचा रंग काढायला सांगितला तर कंबर धरते तुमची.

बुडावरचा शिंपल्यांचा थर खरवडायचा, जुना रंग घासायचा, फटीतलं सुटलेलं सूत काढून नवा पिळा ठोकायचा, वर पुट्टी भरायची. पण रंगाआधी एक काम असतं, आणि ते भावोजींच्या पद्धतीनेच होतं. लाकडी हातोड्याने एकेक फळी ठोकत जायची, पुढून मागे, वरून खाली. चांगली फळी खणखणीत वाजते. आतून कुजलेली असेल तर थप असा आवाज येतो, भिजल्या गादीवर मारल्यासारखा. वरून काही दिसत नाही. लाकूड बाहेरून धडधाकट असतं. चांगलीला जिवंत म्हणायचं, कुजकीला मेली. मेलीवर खडूची फुली. मग त्या फुलीवर दाभण टोचून खात्री करायची. जिवंत फळीला मात्र दाभण लावायचं नाही, उगाच पाण्याला वाट होते. एक मेली फळी समुद्रात सुटली तर बोट तळाला जायला अर्धा तासही लागत नाही, असं भावोजी सांगायचे, आणि ते कधी वाढवून सांगत नसत.

ताई ठोकते तेव्हा मी समोर उभा. हातभर अंतरावर, तिच्याकडे तोंड करून, हातात खडू. उन्हात. एक खडू धरायला घड्याळजी कशाला लागतो, असं मी दरवर्षी विचारायचो आणि ती दरवर्षी म्हणायची, "गप उभा राहा. हलू नकोस."

आता जे मला सांगायचं आहे त्याआधी माझा एक मूर्खपणा सांगावा लागेल. आमच्या माडीवरची खोली मी ताईसाठी तयार करून ठेवली आहे. रंग दिला, खाट टाकली, मशीनसाठी खिडकीपाशी जागा सोडली. भावोजी गेल्यावर तिने तिथे यावं, हे मी तिला इतक्या वेळा सांगितलं की मलाच पाठ झालं. ती येईना. तेव्हा दुसऱ्या वर्षी मी तिला निरोप पाठवला की माझ्या छातीत दुखतंय, लक्षण ठीक नाही. छातीत दुखत होतं हे खरं, पण ते त्या खोलीतलं कपाट एकट्याने सरकवल्यामुळे. ताई सगळा बेत टाकून, सहा दिवस समोरचा वारा तोंडावर घेत आली. मी दुकानात चहात बिस्किट बुडवत होतो. दारात उभं राहून तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बरा आहेस," ती म्हणाली, आणि पाणीही न पिता परत गेली.

महिनाभराने तिचा निरोप आला, की यापुढे तू मेलास तरी मी दुसऱ्या कुणाला विचारून खात्री करेन. तिच्याकडे माझ्या शब्दाला तेव्हापासून काडीचं वजन नव्हतं. बोटीबद्दल मी काहीही वाईट बोललो, दोरी जुनी झाली एवढं जरी म्हणालो, की ती म्हणायची, "आली का माडी?"

या वर्षी आम्ही नेहमीसारखं ठोकायला लागलो. उजवी बाजू झाली. डावी बाजू मागच्या टोकापर्यंत येत आली. खालून तिसरी फळी, मागच्या टेकूच्या जरा पुढे. थप.

मी आयुष्यभर कानाने पोट भरलं आहे. घड्याळ उघडण्याआधी ते कुठे अडखळतं हे मला टिकटिकीवरून कळतं. तो आवाज मेल्या फळीचा होता. मी खडू पुढे केला. पण ताई पुढच्या फळीवर गेलेली होती.

आधी मला वाटलं, तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मागे काही टेकलेलं असेल, म्हणून आवाज बसका आला असेल. मग वाटलं, बोलावं. आणि लगेच कानात आलं, आली का माडी? मी तोंड सरळ ठेवलं. इतकं सरळ मी कधी ठेवलं नव्हतं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, आणि ठोकत ठोकत टोकाला गेली. "सगळ्या जिवंत," म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. आता तर बोलणं आणखी अवघड झालं.

दुसऱ्या दिवशी वर चहा ठेवला होता. तिची किटली उकळली की शिट्टी वाजवते. ती वाजायला लागली, वाजत राहिली. ताई किटलीकडे पाठ करून, दोन हातांच्या अंतरावर बसून सूत पिळत होती. मी उठून गॅस बंद केला. ती वळून म्हणाली, "झाला वाटतं चहा." तेव्हा मला एकेक आठवायला लागलं. गेली दोन वर्षं ती फोन करत नव्हती, नुसते निरोप लिहून पाठवायची. मला वाटायचं, बेटांवर आवाज नीट पोचत नसेल.

मी भित्रा माणूस आहे, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. जे केलं त्याची वाटते. तीन दिवस आम्ही बुडाला रंग दिला आणि तीन दिवस मी मूग गिळून बसलो. त्या फळीवर मीच ब्रश फिरवला, दोनदा. मनात म्हणत होतो, यार्डातल्या सुताराच्या कानावर घालू. पण तो मुलीच्या घरी गेला होता, आणि खरं सांगायचं तर तो नाही याचं मला बरंच वाटलं. सांगायचं म्हणजे दोन गोष्टी सांगायच्या होत्या. फळी मेली आहे, आणि ताई, तुझे कान गेले आहेत. दुसरी माझ्या तोंडून निघत नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी क्रेन आली. क्रेनवाल्याने गोगलगायीच्या पोटाखालून पट्टे घातले, ताण दिला, आणि टेकू काढायला माणसं लावली. ताई बोटीच्या मागे, क्रेनच्या वाटेतच, उभी राहून बघत होती. क्रेन मागे घ्यायची होती म्हणून त्याने भोंगा वाजवला. यार्डातली कुत्री उठून पळाली. ताई उभीच. त्याने पुन्हा वाजवला. मी जाऊन तिचा दंड धरून तिला बाजूला ओढलं आणि क्रेनवाल्याला हाताने थांबवलं.

"काय झालं रे?" तिने विचारलं.

"डावीकडची, खालून तिसरी," मी तिच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणालो. "मेली आहे, ताई."

मला वाटलं होतं ती माडीचं नाव काढेल. तिने काढलं नाही. ती शिडीवरून वर गेली आणि दाभण घेऊन आली. मी बोट ठेवलं तिथे तिने ते टेकवलं आणि दाबलं. जोर लावायची गरजच पडली नाही. दाभण मुठीपर्यंत आत गेलं, आणि काढलं तेव्हा त्याच्याबरोबर काळा, ओला भुसा आला.

कुणी न सांगताच क्रेनवाल्याने टेकू परत लावून घेतले.

ताई एका उलट्या डब्यावर बसली. रागावली असती तर मला चाललं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "तू तोंड सरळ का ठेवलंस?"

मला कळलं नाही.

"तीन वर्षं झाली रे, मला फळीचा आवाज येत नाही. बोलणं समोरच्याच्या ओठांवरून कळतं. मी तुझं तोंड बघते. कुठे जरा काही वेगळं वाजलं की तू घशात बोर अडकल्यासारखं तोंड करतोस. गेल्या वर्षी सुकाणूपाशी केलंस, मी दाभण लावलं, मेली निघाली. म्हणून तुला समोर उभं करते. खडू काय, मी कानावरही ठेवला असता." तिने दाभणावरचा भुसा पुसला. "या वर्षी एकदाही केलं नाहीस. मला वाटलं, सगळ्या चांगल्या आहेत."

म्हणजे मी तिला दुखवायला नको म्हणून गप्प, आणि ती मला कळू नये म्हणून गप्प, आणि या दोन शहाण्यांमध्ये ती मेली फळी रंग लावून समुद्रात निघाली होती. एवढी वर्षं मला वाटत होतं, ती मला घड्याळासाठी बोलावते. मला रडू आलं. तिने बघितलं आणि म्हणाली, "आता तोंड वाकडं करून काय उपयोग?"

दुपारी जेवताना मी विचारायचं ते विचारलं. कान नाहीत, तर समुद्रात एकटी काय करणार?

"समुद्रात ऐकायचं काय असतं?" ती भात कालवत म्हणाली. "वारा गालाला कळतो. इंजिन बिघडलं तर तळव्यांना कळतं. दुसरी बोट डोळ्यांना दिसते. ऐकायची असते ती फक्त फळी, आणि ती वर्षातून एकदा." एक घास खाऊन म्हणाली, "पण एक सांगते. ही बदलून घेते. मग पुन्हा पहिल्यापासून ठोकू. आणखी एक जरी मेली निघाली, तर बास. तुझ्या भावोजींनी सगळ्या एकाच खेपेच्या लाकडाच्या घातल्यात. एकापाठोपाठ एक जाणार असतील तर त्यांच्यामागे मी नाही धावणार. मग तुझी माडी."

सुतार आल्यावर नवी फळी बसायला अकरा दिवस लागले. लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायचं, घड्याळात काटा बसवताना मी घेतो तितकी काळजी घेऊन ते बोटीच्या फासळ्यांवर बसवायचं, फटीत सूत, वर पुट्टी. मी घरी गेलो नाही. बायको फोनवर म्हणाली, आता शंख पाठीवर घेऊनच या.

बाराव्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा ठोकायला उभे राहिलो. मी सवयीने समोर गेलो तर ताईने मला खांदा धरून मागे नेलं आणि स्वतः माझ्याकडे पाठ केली.

"तोंडावर भरवसा नाही तुझ्या आता," ती म्हणाली. "कानाशी बोलून सांग, तेवढं कळतं मला अजून. जिवंत की मेली, एकच शब्द."

"आणि मेली म्हणालो तर दाभण लावून बघशील ना?" मी तिच्या कानाशी विचारलं.

"नाही लावणार," ती म्हणाली. "दाभणच लावायचं तर तुला कशाला विचारू?"

तिने पहिली फळी ठोकली. मी पुढे वाकून तिच्या कानाशी म्हणालो, जिवंत. दुसरी. जिवंत. उजवी बाजू संपायला तास लागला. मी तिच्या मानेकडे बघत होतो. पांढरे केस वर बांधलेले, मानेवर उन्हाचा काळा पट्टा, हातोडा धरलेल्या हाताच्या शिरा. भावोजींसारखाच धरते ती हातोडा, अंगठा वर ठेवून. डावीकडची नवी फळी वाजली तेव्हा सुतारही मान हलवून हसला.

शेवटची राहिली, मागच्या टोकाची. तिने ठोकली आणि हात खाली करून उभी राहिली.

मला ताई हवी होती. साधी गोष्ट आहे. तिने माडीवर मशीन चालवावं आणि मी खाली दुकानात बसून ते ऐकावं, एवढंच मला सहा वर्षं हवं होतं. वादळाची बातमी आली की रेडिओला कान लावून बसायचा मला कंटाळा आला होता. मेली एवढा एक शब्द म्हणायचा होता. ती वळून बघणार नव्हती, दाभण लावणार नव्हती. सुतार पाणी प्यायला गेला होता. मी या आधी याहून मोठं खोटं बोललो होतो, आणि तेव्हा तिने निदान स्वतः येऊन बघितलं तरी होतं.

फळी खणखणीत वाजली होती.

"जिवंत," मी म्हणालो.

ताई तशीच उभी राहिली, पाठमोरी, वाट बघत. माझा आवाज बसला होता. तिला ऐकूच गेलं नव्हतं.

"काय म्हणालास?" तिने विचारलं. "मोठ्याने बोल, बारक्या."

मग मला तेच परत म्हणावं लागलं, सगळ्या यार्डाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.